वाटीतली हवा

पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा अजूनही कितीतरी घरांत दळणासाठी वापरतात. त्यात दहा किलो गहू घातले तर डबा भरत नाही, वर चांगली चार बोटं जागा उरते. गिरणीतून तोच डबा परत येतो तेव्हा पीठ काठाला टेकलेलं असतं. गिरणीवाला डबा दोन-तीनदा जमिनीवर आपटतो, हाताने पीठ दाबतो, तरीही मावलं नाही तर उरलेलं पिशवीत बांधून देतो. काट्यावर ठेवलं तर मूठभर घट सोडता सगळं मिळून दहा किलोच भरतं.

हिशेब मांडून बघू. गव्हाच्या दाण्याची स्वतःची घनता पाण्याच्या साधारण १.४ पट असते. म्हणजे गव्हाचा एक लिटरचा सलग, पोकळी नसलेला ठोकळा करता आला तर तो १ किलो ४०० ग्रॅम भरेल. पण एक लिटरच्या मापात गहू ओतले तर ते भरतात ७५० ते ८०० ग्रॅम. उरलेली जागा दाण्यांच्या मधल्या हवेची. दहा किलो गव्हांना सुमारे १३ लिटर जागा लागते आणि त्यात खरा गहू जेमतेम ७ लिटर असतो. दळल्यावर, ताजं आणि सैल असताना, पीठ लिटरला ५०० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे दहा किलो पिठाला २० लिटर जागा हवी. गहू तेवढाच, ७ लिटर. हवा मात्र १३ लिटर. आपटून, दाबून ती कमी करता येते, पण पूर्ण घालवता येत नाही.

वाटीचे ग्रॅम करायचे म्हणजे या हवेचा हिशेब करायचा. पाणी, दूध, तेल यांच्यात ती नसते, म्हणून त्यांचं रूपांतर सोपं असतं आणि एकदा केलं की कायमचं होतं. पीठ, रवा, डाळ, पोहे, खवलेला नारळ यांच्यात ती असते. किती असेल, हे दाण्याच्या आकारावर, दळणाच्या बारीकपणावर, डबा मांडणीवर किती दिवस उभा होता यावर आणि वाटी भरणाऱ्या हातावर ठरतं. ‘एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम’ असं सांगणारे तक्ते भरपूर मिळतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांतला कुठला आकडा भरवशाचा आणि कुठला नाही हे ओळखता आलं पाहिजे.

दाणे भांड्यात कसे बसतात हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाटीने रचले तर ते किती जागा भरतील, याचं उत्तर योहानेस केप्लरने १६११ साली अंदाजाने दिलं होतं: सुमारे ७४ टक्के. बाजारात संत्र्यांचा मनोरा रचतात तीच ही रचना. यापेक्षा दाट रचना असूच शकत नाही, हे सिद्ध करायला गणितज्ञांना विसावं शतक संपत येईपर्यंत थांबावं लागलं. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये ती सिद्धता मांडली. पण स्वयंपाकघरात कोणी साबुदाणे एकेक रचून वाटी भरत नाही. आपण ओततो. जी. डी. स्कॉट यांनी १९६० साली बेअरिंगच्या पोलादी गोळ्या भांड्यात ओतून मोजल्या. नुसत्या ओतल्या तर त्या सुमारे ६० टक्के जागा भरत, भांडं हलवून बसवलं की ६४ टक्के. त्यापुढे कितीही हलवलं तरी ओतलेल्या गोळ्या सरकत नव्हत्या.

आपल्याला हवी ती गोष्ट याच प्रयोगात आहे. सैल आणि बसलेलं यांतला फरक ६० आणि ६४ टक्के, म्हणजे थोडका. साखर, तांदूळ, डाळ, जाड रवा या जिनसा बऱ्याच अंशी त्या गोळ्यांसारख्या वागतात. दाणा पुरेसा जड असतो, घरंगळतो आणि आपली जागा घेतो. म्हणून साखरेची वाटी तुम्ही भरा, तुमची सून भरू दे, की शेजारीण. सपाट केली असेल तर वजनात फार फरक पडत नाही. पिठाचं तसं नाही. पिठाचा कण इतका हलका असतो की त्याच्या वजनापेक्षा शेजारच्या कणांचं आकर्षण वरचढ ठरतं. तो घरंगळत नाही, चिकटून राहतो. कणांच्या लहान लहान कमानी तयार होतात आणि त्यांच्याखाली पोकळ्या राहतात. रवा चाळणीतून आपोआप पडतो आणि पीठ चाळणी हलवल्याशिवाय पडत नाही, त्याचं कारणही हेच. कमानी मोडल्या की पीठ बसतं, आणि एकाच वाटीत पाव-पट जास्त पीठ सहज मावतं.

दोन जाणत्या स्वयंपाकघरांचेही आकडे या बाबतीत जुळत नाहीत. अमेरिकेत किंग आर्थर ही पीठ विकणारी जुनी कंपनी आपल्या पाककृतींत एक कप मैदा म्हणजे १२० ग्रॅम धरते. पाककृती पुन्हापुन्हा करून तपासण्यासाठी नावाजलेलं ‘अमेरिकाज टेस्ट किचन’ धरतं ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम. दोघांचंही बरोबर आहे. पहिल्यांच्या हिशेबात पीठ आधी मोकळं करून, चमच्याने कपात टाकून वरून सपाट करायचं असतं. दुसऱ्यांच्या हिशेबात कप पिठात बुडवून भरायचा आणि मग सपाट करायचा असतो. भरण्याच्या पद्धतीत एवढासा फरक, आणि वजनात २२ ग्रॅमचा. केकमध्ये तीन कप मैदा असेल तर तफावत अर्ध्या कपाच्या घरात जाते. केक दगडासारखा का झाला याचं उत्तर पुष्कळदा ओव्हनमध्ये नसतं, इथे असतं.

मापाने मोजण्याचा हा प्रश्न जगभर जुना आहे. पोलिश इतिहासकार विटोल्ड कुला यांनी १९७० साली मापांच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्यात युरोपातल्या जमीनदारांच्या मापांचं तपशीलवार वर्णन आहे. कुळाकडून धान्य घेताना माप शिगेपर्यंत भरून घ्यायचं आणि देताना काठाबरोबर सपाट करून द्यायचं. माप तेच, नाव तेच, तरी धान्य वेगळं. शिगेत किती धान्य मावतं हे भूमितीने काढता येतं. तांदळाचा ढीग साधारण तीस अंशांच्या उताराने उभा राहतो. तोंडाशी ८ सेंटिमीटर रुंद असलेल्या वाटीवर अशी शीग लावली तर वरच्या शंकूत सुमारे ३९ मिलिलिटर धान्य मावतं. तोंड १० सेंटिमीटर असेल तर तोच आकडा ७५ च्या पुढे जातो. दोन्ही वाट्यांत काठोकाठ १५० मिलिलिटरच मावत असलं तरी पसरट वाटीची शीग तुम्हाला जवळजवळ दीडपट धान्य देते. मापाचं तोंड किती रुंद असावं यावरून भांडणं का होत असतील, ते यावरून कळतं. ‘एक वाटी’ असं लिहिताना ती शिगेची की सपाट, हे न लिहिणं किती महागात पडतं, तेही कळतं.

महाराष्ट्रात धान्य मापाने मोजण्याची पद्धत पक्की रुजलेली होती. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही चढती मापं. खालून वर जाताना दुप्पट होत जाणारी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. चार शेरांची पायली. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते. निम्मं आणि दुप्पट एवढंच येणाऱ्या माणसालाही तिच्यात सगळा व्यवहार करता येतो, तराजू नसतानाही. अडचण शेराची होती. शेर हे धान्याचं मापही होतं आणि वजनही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅम. मापाचा शेर म्हणजे एक भांडं, त्यात ज्वारी घातली तर एक वजन, तांदूळ घातले तर दुसरं, पोहे घातले तर तिसरंच. जुन्या वहीत ‘एक शेर तांदूळ, अर्धा शेर गूळ’ असं लिहिलेलं सापडलं तर तांदूळ मापाचे आणि गूळ वजनाचा असण्याची शक्यता बरीच, कारण गुळाची ढेप मापट्यात भरत नाहीत, फोडून तोलतात. असं काही वाचताना ‘शेर म्हणजे एक किलोला थोडा कमी’ असं दोन्हीकडे धरून चाललं तर पदार्थ चुकतो.

१९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ च्या एप्रिलपासून वजनांसाठी सक्तीची झाली. दुकानातून शेर गेला, किलो आला. धान्याचा व्यवहार मापाकडून वजनाकडे सरकला. आठवडी बाजारात कुरमुरे, बोरं, करवंदं अजून मापट्याने मिळतात, मासळीचा आणि भाजीचा वाटा लागतो, पण तांदूळ-डाळ तोलूनच घेतो आपण. स्वयंपाकघर मात्र त्या वाटेने गेलं नाही. तिथे वाटी राहिली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, तेव्हा घरातल्याच वाटी-चमच्यांत दिलेली प्रमाणं हा त्या पुस्तकाचा मोठा गुण ठरला. नव्याने संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नसे, वाटी असे.

वाटीची ताकद नेमकी कशात आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण तिला नुसतं अशास्त्रीय म्हणून हिणवणारे लोक भेटतात. वाटी हे एकक नाही, ते प्रमाण आहे. ‘दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर’ म्हणजे चारास तीन. वाटी १२० मिलिलिटरची असो की २४०, चारास तीन हे नातं बदलत नाही, लाडू तसेच होतात, फक्त संख्येने कमी किंवा जास्त. सगळे मुख्य जिन्नस त्याच एका वाटीने मोजले जात असतील तोवर वाटी केवढी, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो पाककृतीत वाटीशेजारी दुसरं एकक येऊन बसतं तेव्हा. ‘एक लिटर दुधाला अर्धी वाटी साखर’ हे बासुंदीचं प्रमाण घ्या. लिटर जगात सगळीकडे सारखा, वाटी नाही. १५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी साखर म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम. न्यू जर्सीत राहणारी भाची तीच पाककृती घेऊन तिथल्या मापाच्या कपाने अर्धा कप साखर घालते, ती भरते १०० ग्रॅम. दीडपटीहून जास्त. ‘आत्याची बासुंदी एवढी गोड नसायची’ असं तिला वाटत असेल तर तिची जीभ खोटं बोलत नाही. एक नारळ, चार केळी, एक अंडं, पाव किलो खवा, दुधाची पिशवी: असा कुठलाही ठरलेल्या आकाराचा जिन्नस वाटीच्या जोडीला आला की वाटी केवढी हे सांगायलाच हवं.

आणि कप तरी एक कुठे आहे? अमेरिकेचा रूढ कप २३६.६ मिलिलिटरचा, तिथल्या पोषणाच्या लेबलांसाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० चा. जपानमध्ये डॉक्टर असलेल्या कागावा आया यांनी घराघरात नेमकं मोजून शिजवावं म्हणून मापाचा कप आणि चमचे रूढ केले, तो कप २०० चा. पण तिथे तांदूळ मोजायचं जुनं माप ‘गो’, १८० मिलिलिटरचं, आणि विजेच्या राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो बहुधा हाच १८० चा. कुकरच्या आतल्या रेघा त्याच कपाच्या हिशेबाने मारलेल्या असतात. तो कप हरवला आणि २४० च्या कपाने तांदूळ घेऊन त्या रेघेपर्यंत पाणी घातलं तर भात फडफडीत नाही, कच्चाच राहतो. चमच्यांचंही तसंच: चहाचा मापाचा चमचा ५ मिलिलिटर, टेबलस्पून १५, पण ऑस्ट्रेलियात २०. घरातला पोह्यांचा चमचा यांपैकी कशाशीच बांधील नाही.

अमेरिकेत ही मापं शिस्तीत बसली त्यात फॅनी फार्मर या बाईंचा वाटा फार मोठा आहे. तरुणपणी आजाराने पांगळेपण आलं, शिक्षण थांबलं, पुढे बॉस्टनच्या पाकशाळेत शिकल्या आणि तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. १८९६ साली त्यांचं पुस्तक निघालं. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींच्या छपाईचा खर्च त्यांनाच द्यावा लागला. सपाट कप, सपाट चमचा यांचा त्यांनी धरलेला आग्रह तिथल्या स्वयंपाकात कायमचा रुजला. ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चहाचा पेला भरून’ अशा बोलीतून स्वयंपाक बाहेर काढणं ही खरी लोकसेवा होती. पण त्यांच्या शिस्तीने कप एकसारखा झाला, त्यातली हवा नाही. जर्मन किंवा फ्रेंच पाककृती ग्रॅममध्ये लिहिली जाते, अमेरिकन पाककृती मात्र आजही कपात.

आता प्रत्यक्ष रूपांतर. त्यासाठी आधी आपल्या वाटीची ओळख करून घ्यावी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरावी. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर ती वाटी. हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरवला तोच एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्यात यामुळे अर्ध्या टक्क्याचीही चूक होत नाही. हा आकडा वाटीच्या बुडाला मार्करने लिहून ठेवावा.

पुढचे आकडे १०० मिलिलिटरसाठी सांगतो, म्हणजे कुठल्याही वाटीला लावता येतील. दूध १०३ ग्रॅम, तेल ९१-९२, मध १४२ च्या आसपास. हे आकडे निर्धास्त वापरावेत. साखर ८५, बारीक मीठ १२०, तांदूळ ८० ते ८५, हरभऱ्याची डाळ साधारण तितकीच, रवा ७०. हेही भरवशाचे, पाच टक्के इकडेतिकडे. पिठीसाखर मात्र ५०, म्हणजे साखर दळली की वाटीतलं तिचं वजन चाळीस टक्क्यांनी उतरतं. कणीक आणि मैदा ५० ते ६०, बेसन सैल असेल तर ४० आणि बसलेलं असेल तर ५०. पिठांपासून पुढचे आकडे तक्त्यातून घेऊ नयेत, आपल्या हाताने मोजावेत. पातळ पोहे, खवलेला नारळ, चिरलेली कोथिंबीर यांचा तक्ता मी तर देणारच नाही. त्यांत वजनापेक्षा दाब मोजला जातो.

या आकड्यांनी ओळखीचे पदार्थ वेगळेच दिसू लागतात. रव्याच्या लाडवांचं दोन वाट्या रवा आणि दीड वाटी साखर हे प्रमाण घ्या. १५० च्या वाटीने रवा २१० ग्रॅम आणि साखर सुमारे १९०. मापात चारास तीन, वजनात जवळजवळ बरोबरी. ‘रव्यापेक्षा साखर कमी घालते मी’ असं सांगणाऱ्या सुगरणीचा लाडू निम्मा साखरेचाच असतो. भाताचं उलट. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे वजनात केलं तर ८५ ग्रॅमला २०० ग्रॅम, म्हणजे एकास जवळपास अडीच. नवा काटा घेतलेली उत्साही माणसं इथे हमखास फसतात: मापातलं ‘एकास दोन’ तसंच उचलून ग्रॅमला लावतात आणि भात चिवट होतो. मापातलं गुणोत्तर वजनात कधीच तसंच नेता येत नाही, जोवर दोन्ही जिनसांची घनता सारखी नाही.

मोदकाच्या उकडीला एक वाटी पिठाला एक वाटी पाणी म्हणतात. पिठी दाबून भरली तर उकड कोरडी होते आणि पारी चिरते. भुरभुरून भरली तर सैल आणि हाताला चिकटणारी. ज्यांना उकड ‘कधी जमते, कधी नाही’ असं वाटतं त्यांनी पाणी बदलू नये, जमलेल्या दिवशी वाटीतली पिठी तोलून ठेवावी. पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ घालतात. वजनाने बरोबरी की वाटीने? बारीक चिरलेला सैल गूळ डाळीपेक्षा हलका भरतो, ओलसर गूळ बोटांनी दाबला तर जड. एकाच घरात सासूचं पुरण गोड आणि सुनेचं बेताचं होण्यामागे एवढंही कारण पुरतं.

मापाची आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फार कमी लक्ष जातं: मापं बेरजेला दाद देत नाहीत. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी मिळून पाक दोन वाट्या होत नाही, दीडच वाटी होतो. साखरेच्या वाटीतली हवा निघून जाते आणि दाणे पाण्यात विरघळतात. चार वाट्या पातळ पोहे आणि एक वाटी शेंगदाणे मिळून पाच वाट्या चिवडा होत नाही, दाणे पोह्यांच्या फटींत शिरतात. वजनं मात्र बिनचूक मिळवता येतात. म्हणून घरापुरता स्वयंपाक वाटीने चालतो आणि विक्रीचा चालत नाही. लग्नाचा आचारी यादी किलोत देतो. बेकरीत मैद्याचं वजन शंभर धरून पाणी, मीठ, यीस्ट यांचे टक्के त्यावर बसवतात, मग पाव दहा असोत की हजार. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या बचत गटाच्या बायकांना पुडीवर निव्वळ वजन छापावं लागतं, पोषणाचे आकडे दर १०० ग्रॅमला द्यावे लागतात, आणि भाव तर किलोवरच ठरतो. वाटीचं प्रमाण किलोत नेल्याशिवाय एका चकलीला खर्च किती आला हेही कळत नाही. मला वाटतं, घरच्या सुगरणीला धंद्यात पाय रोवायचा असेल तर भांडवलाआधी तिच्याकडे काटा असावा.

लोणच्यात तर हा प्रश्न चवीपलीकडे जातो. मीठ तिथे राखण करतं आणि ते वजनाच्या प्रमाणात करतं. खडे मिठाच्या वाटीत फटी जास्त, बारीक मिठाच्या वाटीत कमी. अमेरिकेत जाड पापुद्र्याचं मीठ मिळतं, त्याची एक जात इतकी हलकी असते की एका कपात बारीक मिठाच्या निम्म्याहूनही कमी भरते. कैरीच्या मोठ्या फोडींच्या वाटीत हवा जास्त, लहान फोडींच्या वाटीत कमी. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ हे वर्षानुवर्षं चालत आलेलं प्रमाण ज्या घरात चालतं, तिथे फोडीचा आकार आणि मीठही वर्षानुवर्षं तेच असतं. मीठ बदललं, विळीऐवजी फोडी दुकानातून कापून आणल्या, की प्रमाण पुन्हा तोलून घ्यावं. तोलल्यावर खडे आणि बारीक यांत भेद उरत नाही: १०० ग्रॅम मीठ हे १०० ग्रॅम मीठ.

द्रव निर्धास्त, असं वर म्हटलं, पण बाजारात त्यालाही फाटा फुटतो. तेल तापलं की पसरतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतो, ६० अंशांना ८९३ च्या आत. पिशवीवर ‘एक लिटर’ लिहून शेजारी बारीक अक्षरांत जास्त तापमान छापलं तर आत तेल कमी घालता येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेलाच्या कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून टाकायला आणि छापलेलं माप व वजन एकमेकांशी जुळेल असं पाहायला सांगितलं. आइस्क्रीम तर मिलिलिटरमध्येच विकतात आणि ते घुसळताना त्यात मुद्दाम हवा भरतात. भारतीय नियमाप्रमाणे एका लिटरला किमान ५२५ ग्रॅम वजन असावं लागतं. म्हणजे दोन डबे एकाच मापाचे असले तरी हातात घेऊन जड कोणता ते पाहण्यात अर्थ आहे.

एवढं सगळं असूनही काटा सगळीकडे वापरू नये. घरगुती काट्याला एक ग्रॅमच्या खालचं दिसत नाही, आणि पहिल्या दोन-तीन ग्रॅमला तो पुष्कळदा हलतही नाही. पाव चमचा खाण्याचा सोडा म्हणजे सव्वा ग्रॅमही नाही. काटा त्याला एक म्हणेल किंवा दोन, आणि यांतला फरक ढोकळ्याला साबणाचा वास आणायला पुरेसा आहे. हिंग, हळद, वेलचीपूड, यीस्ट, सोडा यांना मापाचा चमचा सपाट करून वापरणं अधिक अचूक. साधारण पाच ग्रॅमच्या खाली चमचा, वर काटा.

घरातल्या थोरल्या बाईच्या हातची पाककृती ग्रॅममध्ये उतरवून घ्यायची असेल, तर तिला वाटीने मोजायला लावू नका. ती तुमच्यासाठी सावकाश, नेहमीपेक्षा वेगळी वाटी भरेल. बेसनाचा डबाच काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि तिला मूठ, पसा, ओंजळ, वाटी, जे वापरायचं ते वापरून डब्यातून हवं तेवढं काढू द्या. काट्यावर उणे चिन्हासह जो आकडा येईल तो तिने घेतलेलं बेसन. साखरेच्या, रव्याच्या, तुपाच्या डब्यांचंही तसंच करा. पाण्याचा तांब्या आधी आणि नंतर तोला. दोन-तीन सणांना हे केलं की आकडे शेजारीशेजारी लिहा. जे जवळजवळ सारखे येतील ते त्या पदार्थाचे मुख्य धागे. जिथे आकडे दर वेळी बदलतात तिथे ती डोळ्यांनी, बोटांनी किंवा वासाने ठरवत असते. तिथे ग्रॅमऐवजी ‘पीठ बोटाला चिकटेनासं होईपर्यंत’ किंवा ‘तूप कडेने सुटेपर्यंत’ असं लिहा, आणि ते तिच्याच शब्दांत लिहा.